गावची टीम जिल्ह्याच्या लीगमध्ये उतरवायची असेल तर

पोळा सरला की आमच्या उमरेड-भिवापूर पट्ट्यात फुटबॉल टूर्नामेंटचे बॅनर लागू लागतात. वर बक्षिसाची रक्कम, मधे बॉलचं चित्र, खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो. सात-सात जणांचा सामना, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ, हरलं की घरी. आमची टीम बरीच वर्षं एवढंच खेळली. एका हंगामात चार गावांना गेलो आणि चारही ठिकाणी पहिल्या फेरीत पडलो. घरी येऊन हिशेब केला. वर्षभरात पोट्टे एकूण दोन तास खेळले होते आणि गाडीभाडं चार गावांचं गेलं होतं.

त्यानंतर आम्ही लीगकडे वळलो. लीगमध्ये पहिला सामना हरला तरी दुसरा ठरलेलाच असतो. आठ टीमचा गट असेल तर प्रत्येकीला सात सामने, म्हणजे नव्वद मिनिटांच्या हिशेबाने साडेदहा तास खेळ. ज्यांच्याकडे पोट्टे आहेत, मैदानासारखं काहीतरी आहे, पण लीगमध्ये शिरायचं कुठून याचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

शिडी कुठून सुरू होते

टीव्हीवर दिसते ती इंडियन सुपर लीग, २०१४ पासूनची. तिच्याखालची लीग २००७ मध्ये आय-लीग या नावाने सुरू झाली आणि बरीच वर्षं देशातली मुख्य लीग होती. तिच्याही खाली आणखी दोन पायऱ्या केल्या गेल्या, त्यातली सगळ्यात खालची २०२३ मध्ये. मग राज्यांच्या लीग, आणि त्याखाली जिल्हा. महाराष्ट्रातला कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते, लोक तिला विफा म्हणतात. जिल्ह्याच्या संघटना तिला जोडलेल्या असतात. वरच्या पायऱ्यांची नावं आणि नियम बदलत राहतात, ते पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आपला संबंध जिल्हा संघटनेशी.

जिल्ह्याच्या लीगमध्ये पुन्हा डिव्हिजन असतात आणि नवा माणूस इथं नावाला फसतो. नागपूर जिल्ह्यात वरून खाली एलिट, सुपर, सिनियर अशी नावं चालत आलीत. ‘सिनियर’ ऐकून वाटतं सगळ्यात मोठी, पण तिच्या डोक्यावर दोन डिव्हिजन बसलेल्या आहेत. पुण्यात सुपरच्या खाली फर्स्ट, सेकंड, थर्ड असे आकडे आहेत, ते समजायला सोपं. तेव्हा नाव ऐकून गावात पेढे वाटण्याआधी एकच प्रश्न विचारा: हिच्या खाली आणखी डिव्हिजन आहे का?

नवीन क्लबला सगळ्यात खालीच घेतात, आणि ते बरंच आहे. एलिटमध्ये कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब, यंग मुस्लिम अशी नावं खेळत आलीत. कामठी ही १८२१ पासूनची छावणी, तिथल्या मोहल्ल्यांत पोरगं चालायला लागलं की बॉलला पाय मारतं. त्यांच्यासमोर आपले पोट्टे पहिल्याच वर्षी उभे केले तर दुसऱ्या वर्षी बूट घालायला कोणी तयार होणार नाही.

डिव्हिजनची कल्पना इंग्लंडमधली. तिथली फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लब घेऊन सुरू झाली, १८९२ मध्ये तिला दुसरी डिव्हिजन जोडली. आधी वर जायला खास परीक्षेचे सामने खेळावे लागत. १८९८ मध्ये ते बंद झाले आणि तक्त्यातल्या जागेवरून सरळ वर-खाली जाणं सुरू झालं. आजही तेच चालतं. वरचे एक-दोन वर जातात, तळाचे खाली येतात.

तुमच्या जिल्ह्यात लीग नियमित भरत नसेल तर मोठ्या पोरांचं अडतं, पण शाळेतल्या पोरांसाठी दुसरा रस्ता आहे. सुब्रतो मुखर्जी कप १९६० पासून चालतो. त्याचे सामने तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असे वर चढत जातात आणि त्यात मुलींचाही गट असतो. त्यासाठी शाळेच्या क्रीडा शिक्षकाला धरा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा.

पोट्टे मोजा, मग त्यांची कामं मोजा

आम्ही पहिल्यांदा वहीत बावीस नावं लिहिली तेव्हा टीम दांडगी वाटली. मग प्रत्येक नावापुढे काम लिहिलं आणि वही रिकामी दिसायला लागली. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला पाच जण अडकलेले. दिवाळीपासून कापूस वेचणी, मग मिरची निवडायचे सातरे, मग तूर. दोघे खाणीत ठेकेदाराकडे, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. तिघे कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या गेटवर, एक जिप्सी चालवतो आणि दोघे गाइड. त्यांचा धंदा शनिवार-रविवारचा, आणि लीगचे सामनेही बहुतेक त्याच दिवशी पडतात.

वहीत तीन रकाने करा: नाव, काम, कोणत्या महिन्यात मिळणार नाही. मैदानात अकरा लागतात, पण अकरा उभे करायला गावात किमान अठरा-वीस हवेत. गोलकीपर दोन ठेवा. दुसरा कितीही कच्चा असू द्या, पण त्याला सवय असू द्या.

सरावाची वेळ दिवस डुबायच्या आत संपेल अशी धरा. आमच्याकडे हा शिस्तीचा मुद्दा नाही, अंधारात धुऱ्याधुऱ्याने सायकल मारत घरी जायचं म्हणजे वाघाला वाट विचारण्यासारखं आहे.

चोवीस बाय आठ

आता खरं दुखणं सांगतो. टूर्नामेंटमध्ये आमचा गोल बांबूचा, बारा फुटांचा. लीगचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, मीटरमध्ये ७.३२ बाय २.४४. आमचा गोलकीपर पंचक्रोशीत भिंत म्हणून ओळखला जायचा. पहिल्या सामन्यात तो मधोमध उभा राहिला, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि मला ओरडून म्हणाला, “भाऊ, हा गोल हाय का वावराचं फाटक?” त्या दिवशी सहा गोल खाल्ले. त्याची चूक नव्हती. बारा फुटांत दोन पावलं टाकली की बॉल हाताला लागतो, चोवीस फुटांत कुठं उभं राहायचं हेच नव्याने शिकावं लागतं.

म्हणून सरावाला पहिल्या दिवसापासून पूर्ण मापाचा गोल हवा. लोखंडी पाइप परवडत नसेल तर बल्ल्या गाडा, पण माप तेच ठेवा. वरचा आडवा बांबू मधे वाकतो, त्याला दोरीने ताण द्या.

रेषांसाठी आमची एक युक्ती आहे. नायलॉनची एक लांब दोरी घ्या, एका टोकाला खुंटी बांधा, आणि त्या टोकापासून ५.५, ९.१५, ११ आणि १६.५ मीटरवर गाठी मारा. पहिली गाठ छोट्या बॉक्सची, दुसरी मधल्या वर्तुळाची, तिसरी पेनल्टीच्या ठिपक्याची, चौथी मोठ्या बॉक्सची. दोरी ताणायची आणि फक्की टाकत जायची, अर्ध्या तासात मैदान आखून होतं. मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. गावात एवढी सपाट जागा क्वचित मिळते. निदान एका बाजूचा बॉक्स पुऱ्या मापाचा करा, अर्ध्या मैदानाचा सराव तरी खरा होईल.

जागा निवडताना काळी माती टाळा. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्यात घोटा गेला की पोट्टा महिनाभर खाटेवर. पावसात तीच माती बुटाला चिकटून एकेक बूट दोन किलोचा होतो. गावाबाहेरची बरड जमीन फुटबॉलला चांगली, पाणी लगेच निचरतं. मात्र खडे फार. आमच्याकडे सराव सुरू करायच्या आधी प्रत्येकाने एक घमेलं खडे वेचायचे, मग बॉल. जागा शाळेची असो की ग्रामपंचायतीची, तोंडी परवानगीवर राहू नका, कागद घ्या. सरपंच बदलतात.

सवयी मोडायला मापांपेक्षा जास्त वेळ लागतो. सातच्या खेळात आमच्याकडे ऑफसाइड कोणी पाहत नाही, त्यामुळे स्ट्रायकर गोलजवळ ठाण मांडून बसतो. लीगच्या पहिल्या हाफमध्येच आमच्यावर सात वेळा झेंडा वर गेला. नियम असा: साथीदार बॉल मारतो त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्यात असाल, आणि बॉलच्याही पुढे आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर ती ऑफसाइडची जागा. तिथून खेळात भाग घेतला की झेंडा. शेवटचा बहुतेक गोलकीपरच असतो, म्हणून व्यवहारात त्यांचा मागचा डिफेंडर पाहायचा. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नर यावर ऑफसाइड नसतो. हे तोंडी सांगून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. दोन पोट्टे दोरीची दोन टोकं धरून डिफेंडरच्या ओळीत चालवा, आठ दिवसांत कळतं.

थ्रोचंही तसंच. टूर्नामेंटमध्ये बाहेर गेलेला बॉल पायाने आत मारतात. इथं दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून आणि वरून, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. आमचे पोट्टे फेकताना एक पाय उचलायचे आणि बॉल समोरच्यांना जायचा. आणि दम! पंधरा मिनिटांच्या हाफवर वाढलेला पोट्टा पंचेचाळीस मिनिटांच्या हाफमध्ये विसाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा दिसतो. सामने धरायच्या आधी आपसातच पूर्ण नव्वद मिनिटांचे तीन-चार सामने खेळून घ्या.

कागद

फोनवर ‘पाहू, कळवू’ एवढंच ऐकू येतं, म्हणून संघटनेच्या ऑफिसात स्वतः जा. वही न्या आणि हे विचारून घ्या: नव्या क्लबला कोणत्या डिव्हिजनमध्ये घेता, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, किती खेळाडूंची नावं देता येतात, रेफरीची फी कोणाकडे, आणि क्लब नोंदणीकृत संस्था असावा लागतो का. नियमपत्रक मागा आणि त्याची झेरॉक्स गावात दोघांकडे ठेवा.

संस्था नोंदवायची असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. सात नावं ठरवताना सातही खेळाडू टाकू नका. दोन वर्षांत निम्मे पुण्याला कंपनीत जातात आणि सही करायला माणूस सापडत नाही. एखादा निवृत्त मास्तर, एखादा दुकानदार घ्या.

खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते, सगळे तिला सीआरएस म्हणतात. इथं आमची पहिल्या वर्षी दांडी गुल झाली. तिघांची नावं आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. एकाच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, दाखल्यावर भलतीच. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं आणि तिघेही अर्धा हंगाम बाहेर बसले. उन्हाळ्यातच सगळ्यांचे कागद एका टेबलवर ठेवून स्पेलिंग जुळवा. दुरुस्तीला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट पोट्ट्यांना स्वच्छ सांगा. एक खेळाडू एका वेळी एकाच क्लबचा. टूर्नामेंटमध्ये आज या गावाकडून आणि उद्या त्या गावाकडून पाचशे रुपये घेऊन खेळणारे हिरो असतात, लीगमध्ये ते चालत नाही. क्लब बदलायचा तर रीतसर ट्रान्सफर. आमचा एक चांगला पोट्टा यावरून रुसला. जाऊ दिला.

पैसे

सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा, आणि तो कोणी आधी मोजत नाही. सोळा जण, सात सामने, म्हणजे जाऊन-येऊन ११२ फेऱ्या. तुमच्या गावापासून मैदानापर्यंतचं एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं त्याला गुणा आणि तो आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वर्गणी मागायला त्याहून चांगलं भाषण नाही.

जर्सीचे दोन रंग हवेत, समोरच्यांचा रंग सारखा निघाला तर बदलायला. गोलकीपरचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा. बॉल पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. बरड जमीन बॉलची साल काढते, म्हणून सामन्याचा बॉल सरावाला काढू नका. जर्सीवर कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो घेऊ नका, फुकट दिली तरी. निवडणूक आली की उरलेलं अर्धं गाव वर्गणी द्यायचं थांबतं. कृषी केंद्रवाल्याचं नाव चालेल.

सामन्याचा दिवस

आमचा तिसरा सामना आम्ही न खेळताच हरलो. दहा जण काळीपिवळीत होते, तिचा टायर पाचगावच्या अलीकडे बसला. सहा जण मोटरसायकलने मैदानावर पोहोचले होते. नियमाने किमान सात असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. एक कमी पडला. रेफरीने घड्याळ पाहिलं, वाट पाहिली आणि शिट्टी वाजवून सामना समोरच्यांना दिला. असा सामना तक्त्यात बहुधा ३-० असा लागतो.

तेव्हापासून आमचा नियम आहे: गोलकीपर धरून सात जण पहिल्या एसटीने पुढे जातात, जर्सीची पिशवी आणि ओळखपत्रं घेऊन. बाकीचे कसेही येऊ द्या.

मैदानावर गेल्यावर नावांची यादी द्यायची, ओळखपत्रं दाखवायची. पायाला शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं कवच, सक्तीचे. अंगावर दागिना चालत नाही, आणि आमच्याकडे इथंच खरा तमाशा होतो. हातातलं कडं, गळ्यातला ताईत, नवसाचा दोरा, नव्या नवरदेवाची अंगठी, सगळं काढावं लागतं. वरून पट्टी गुंडाळून भागत नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. ताईत काढायला एका पोट्ट्याने नकार दिला तेव्हा त्याच्या आईला फोन लावावा लागला. तिने तो माझ्या खिशात ठेवायला सांगितला आणि मी नव्वद मिनिटं खिशावर हात ठेवून उभा होतो.

रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल, त्याच्या दंडावर पट्टी असेल. टूर्नामेंटमध्ये निर्णय पटला नाही की सगळं गाव मैदानात उतरतं. इथं त्याने पिवळं कार्ड मिळतं, दोन पिवळी झाली की लाल. मग त्या सामन्यात दहा जणांनी खेळायचं आणि पुढच्या सामन्यालाही तो खेळाडू बाहेर. सोबत येणाऱ्या काकांनाही हे आधी सांगा. उन्हाळ्यात सामना पडला तर पाणी प्यायला थांबा मिळेल का, हे नाणेफेकीच्या वेळीच विचारा. स्पर्धेच्या नियमात असेल तर रेफरी देतो.

तक्ता वाचताना

जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक, हरलं की शून्य. पूर्वी जिंकल्याचे दोनच असत. इंग्लंडने १९८१ मध्ये तीन केले, वर्ल्ड कपमध्ये ते १९९४ ला आले. गुण सारखे झाले तर बहुतेक लीगमध्ये गोलफरक पाहतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. काही ठिकाणी आधी आपसातला सामना पाहतात, तेवढं नियमपत्रकात तपासा.

आमचं पहिलं वर्ष असं गेलं: सात सामने, एक जिंकला, दोन बरोबरीत, चार हरले. पाच गुण. केलेले गोल सहा, खाल्लेले एकोणीस, फरक उणे तेरा. दुसऱ्या एका टीमचेही पाचच गुण होते, तिचा फरक उणे अकरा. ती सातवी, आम्ही आठवे. मला आठवला तो पहिला सामना. तीन गोल खाल्ल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत मीच ओरडून सगळ्यांना पुढे पाठवलं होतं आणि आणखी तीन बसले होते. गप्प राहिलो असतो तर फरक उणे दहा राहिला असता. टूर्नामेंटमध्ये तीनने हरा की सहाने, घरीच जायचं असतं. लीगमध्ये ते तीन गोल एप्रिलपर्यंत तुमच्या नावावर राहतात. सामना हातचा गेला असेल तर दहा जण मागे बोलवा आणि लोकांना हसू द्या.

तळाच्या डिव्हिजनमध्ये आठवं येऊनही खाली पडायला पायरी नसते, ही सोय आहे तोवर वापरून घ्या. नव्या पोट्ट्यांना खेळवा, कीपरला चुका करू द्या.

हंगाम संपता संपता वरच्या डिव्हिजनचा एखादा क्लब तुमचा स्ट्रायकर मागेल. द्या, आणि त्याचे ट्रान्सफरचे कागद वेळेत करा. गावातले चार जण नाराज होतील, पण त्याचं पाहून पुढच्या उन्हाळ्यात सरावाला दहा नवे पोट्टे येतात. आमच्याकडे आले.

आणि शेवटच्या सामन्यानंतर जर्स्या त्याच संध्याकाळी, गाडीतून उतरायच्या आत, मोजून गोळा करा. ‘धुवून आणतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आमची दहा नंबरची जर्सी अजून तुरीच्या फवारणीला जाते.